खालच्या वाटीखाली हात

या, असे पुढे सरका मायबापहो. मागे बसलं की गोष्ट अंगाला लागत नाही. नमनाला घडाभर तेल घालत नाही. माणसं जोडायला बसलेल्या पोरीने सख्ख्या मावशीलाच कसं तोडलं, ते ऐका.

पोर प्रोग्राम लिहिणारी. जुनी वसाहत पाडायची होती आणि बिऱ्हाडं तीन नव्या इमारतींत हलवायची होती. ज्याने त्याने सांगायचं, ‘मला अमक्यासोबत ठेवा’. जोडलेले सगळे एकाच इमारतीत. या जोड्यांचे गट करण्याचं काम पोरीकडे आलं. तिची रीत सरळ होती. प्रत्येकाने आपल्या आधाराकडे, म्हणजे ज्याची सोबत मागितली त्याच्याकडे, बोट दाखवायचं, आधाराने त्याच्या आधाराकडे. शेवटी ज्याचं बोट स्वतःकडेच, तो गटाचा पाया. दोघांचा पाया एक, तर दोघं एका गटातले.

उद्या किल्ल्या वाटायच्या, आणि पडद्यावर पाहते तो काय! मावशी वायरमनसोबत तिसऱ्या इमारतीत, शिंपीणकाकू पहिल्या इमारतीत. मावशीला सगळं धूसर दिसतं. तिच्या डोळ्यांत रोज औषधाचे थेंब घालतात त्या शिंपीणकाकूच. घरवाटपाच्या साहेबांनी फोनवर बजावलं होतं, “पाचपर्यंत दुरुस्त झालं तर ठीक, नाहीतर आहे तीच यादी लावतो.”

मावशीच्या स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडून पोर कपाळ चोळत होती.

“मी दोन नावं सांगितली होती,” मावशी करवादली. “आधी शिंपीण, मग वायरमन.”

“दोन्ही आहेत गं आत! मी काय गाळली?”

“मग शिंपीण गेली कुठं? तुझ्या त्या डब्याने गिळली?”

“मावशी, जरा गप्प बसशील का?”

“बसते. तिसऱ्या इमारतीत जाऊन गप्पच बसायचंय. आंधळी आणि गप्प, बरी जोडी जमेल!”

पोरीचं डोकंच फिरलं. तिने धुतलेल्या वाट्या ओढल्या. “हे बघ. ही शिंपीणकाकू. तू म्हणालीस तिच्यासोबत, म्हणून तिच्यावर तू. मग म्हणालीस वायरमन. हा वायरमन. तुला उचललं, त्याच्यावर ठेवलं. झालं?”

मावशीने ओटा चाचपला. हाताला एकटी वाटी लागली.

“काय झालं, कपाळ? ही कोण इथं?”

“शिंपीणकाकू.”

“अगं, भांडी लावायला शिकवलं तरी कुणी तुला? वरचीच काय उचलतेस! खालच्या वाटीखाली हात घाल, चळत अख्खी येते!”

पोर वाटीकडे बघतच राहिली. देवा रे! वायरमनचं नाव येताच प्रोग्रामने मावशीचंच बोट शिंपीणकाकूंकडून काढून त्याच्याकडे वळवलं होतं. मावशीचा पाया कोण, हे विचारलंच नव्हतं. आधी दोन्हीकडचे पाये शोधायचे, मग पाया पायाला जोडायचा. चुकली होती एक ओळ, आणि दुपारभर दोघी एकमेकींवर खेकसत होत्या.

पोरीने ओळ बदलली. मावशी, शिंपीणकाकू, वायरमन, तिघं पहिल्या इमारतीत आले. पाठोपाठ बँडमधला कर्णेवालाही आला.

“त्या मेल्याला कुणी बोलावलं? पहाटेपासून भोंगा सुरू असतो त्याचा!”

“वायरमनने मागितलाय. जोडलेल्याचा जोडलेला तो आपलाच, मावशी.”

“वा गं वा! डोळ्यांत थेंब मिळाले, आता कानांत कापूस आणून दे.”

पाचच्या आत यादी गेली.

दुसऱ्या दिवशी नव्या घरात मावशी खिडकीवर, नळावर, जिन्यावर यथेच्छ तोंडसुख घेत बसली होती. शिंपीणकाकूंनी स्वतःचं बोचकं जिन्यातच टाकलं, दार लोटून आत आल्या आणि म्हणाल्या, “पुरे आता, मान मागे टाका.” मावशीने कुरकुरत टाकली.

कुणी कुणाला सोबत मागितलं, हे साऱ्यांनी विचारलं. शिंपीणकाकूंनी कुणाचंच नाव दिलं नव्हतं; त्यांना कोण हवं होतं, हे कुणी विचारलंच नाही. तर मायबापहो, पोरीला विसरलात तरी चालेल. घरी वाट्यांची चळत उचलाल, तेव्हा तळाच्या वाटीला हात लागेल. त्या वेळी शिंपीणकाकूंची तेवढी आठवण काढा.