फताडी अक्षरं

आईची तक्रार चार वर्षं जुनी होती. कॉम्प्युटरवरची अक्षरं फताडी दिसतात, कडा विस्कटलेल्या, कोणी ओलं बोट फिरवल्यासारख्या. बाबांचं उत्तरही तेवढंच जुनं होतं. "ग्राफिक्स कार्ड जुनं आहे. त्याला यापेक्षा जास्त झेपत नाही."

"कार्डाला की तुम्हाला?" आई विचारायची. बाबा हसायचे आणि पुढचं पान उघडायचे.

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. टेबल तसंच होतं, खुर्चीही तशीच, फक्त खुर्चीत आई बसायला लागली होती. दोघांनी मिळून तीस वर्षं छापखान्याचं काम घरी बसून केलं. बाबा पानं लावायचे, आई प्रुफं तपासायची. कागदी प्रुफं बंद झाली तसं ती स्क्रीनवर वाचायला शिकली. बाबा मूळ कागद हातात धरून मोठ्याने वाचत, स्वल्पविराम, कंस, टिंब, सगळं उच्चारून. आई स्क्रीनवर नजर ठेवून "पुढे" म्हणे. चूक दिसली की "थांबा". आमच्या घरातला रेडिओ म्हणजे हाच.

सध्याचं काम परिचारिकांसाठीच्या एका पुस्तकाचं होतं, लहान मुलांच्या औषधांच्या मात्रा सांगणारं. बाबा गेल्यावर आईने एकटीने तपासलेल्या पहिल्या फर्म्यात, म्हणजे सोळा पानांत, दोन दशांशचिन्हं सुटली. छपाईच्या आधी कोणाच्या तरी लक्षात आलं म्हणून निभावलं. छापखान्याच्या मालकांनी फोन केला, फार जपून बोलले. "वहिनी, थोडी विश्रांती घ्या. हा एक फर्मा सोमवारी येऊ दे, मग बघू." त्या 'मग बघू'चा अर्थ आईला माझ्याआधी कळला. तिकडे दादा रोज मला फोनवर सांगत होता, "बंद कर म्हणावं आता ते, आणि आमच्याकडे ये म्हणावं." तिचं काम सुटलं की तिचं घरही सुटणार होतं.

"डोळ्यांत तेल घालून वाचलं मी," आई म्हणाली. "पण या डबड्यावर टिंब म्हणजे माशी बसल्यासारखं दिसतं. तू आहेस ना कॉम्प्युटरवाली? कर दुरुस्त. त्यांना काही शेवटपर्यंत जमलं नाही."

मी दोन दिवसांची रजा घेऊन आले होते. गेले दोन महिने मी नीट झोपले नव्हते आणि कोणतंही काम पूर्ण करण्याइतकी ताकद माझ्यात उरली नव्हती. पण हे काम पाच मिनिटांचं निघालं. बाबांनी मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स घातलेलं होतं. डिस्प्लेची सेटिंग उघडली तर स्क्रीन एक हजार चोवीस गुणिले सातशे अडुसष्ट ठिपक्यांवर होती आणि खालच्या यादीत एकोणीसशे वीसचा पर्याय सरळ दिसत होता. मी तो निवडला. स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि पुन्हा उजळली तेव्हा सगळं बारीक, पण धुतल्यासारखं स्वच्छ होतं. कार्डाला काहीही झालेलं नव्हतं.

"अगं बाई," आई मागून म्हणाली. "हे एवढंच होतं?"

"एवढंच."

"आणि चार वर्षं मला कार्डाच्या गोष्टी!"

ती लगेच बसली. मी शेजारच्या स्टुलावर बसून बाबांच्या जागी वाचायला लागले. ती पुढे झुकली. आणखी झुकली. तिचं नाक काचेपासून वीतभर अंतरावर आलं.

"वजन दहा किलो, कंसात, मात्रा शून्य पॉइंट पाच मिलिलिटर, कंस पूर्ण."

"पुढे."

मी थांबले. स्क्रीनवर नुसतं 'पाच' होतं. मला स्टुलावरूनही दिसत होतं.

"काय झालं? वाच की. त्यांचा आवाज कधी असा अडखळायचा नाही."

"घसा कोरडा पडला," मी म्हणाले. "चहा घेऊ."

चहाच्या वेळी मी मशीन बंद केलं होतं. पुन्हा सुरू केलं तर अक्षरं परत फताडी. मी पुन्हा बदललं, पुन्हा बंद करून चालू केलं, पुन्हा तेच. आई दारात उभी राहून बघत होती.

"एवढंच होतं ना?"

"आई, जरा पडतेस का तू तासभर?"

"म्हणजे तुलाही जमत नाही. बापावर गेलीस."

ती आत गेल्यावर मी सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या गोष्टींची यादी उघडली. तिथे बाबांची एक लहानशी फाइल होती. मशीन सुरू झालं की ती स्क्रीनचं माप ठरवत होती. आत तीन आदेश होते. वरचे दोन बाबांनी बंद करून ठेवले होते. प्रत्येकापुढे त्यांनी शेरा लिहिला होता, प्रुफाच्या समासात लिहावा तसा.

पहिला सोळाशेचा: 'अक्षर लहान. हिला त्रास.'

दुसरा बाराशे ऐंशीचा: 'तरी लहान. डोकं धरून बसते.'

तिसरा, चालू असलेला, एक हजार चोवीसचा: 'वाचते.'

खाली चार वर्षांपूर्वीची तारीख होती. त्याच सुमारास आई फोनवर म्हणाली होती, "चष्म्याचा नंबर थोडा वाढलाय, बाकी डोळे ठणठणीत आहेत." मी बरं म्हणून दुसरं काही बोलायला लागले होते.

राग आला तो बाबांचा आला. मला एक फोन केला असता तर? अक्षर मोठं करायला स्क्रीन बिघडवावी लागत नाही. सगळे ठिपके वापरून अक्षराचं माप तेवढं वाढवता येतं, मग ते मोठंही दिसतं आणि रेखीवही. हे त्यांना माहीत नव्हतं. पण मला विचारायचं म्हणजे कोणासाठी ते सांगावं लागलं असतं. आणि आईची आयुष्यभराची ऐट काय होती, तर तिच्या नजरेतून काही सुटत नाही. ती ऐट जपण्यासाठी त्यांनी बिघाड मशीनच्या नावावर लिहिला आणि टोमणे स्वतःच्या.

संध्याकाळपर्यंत मी त्याच्यामागे लागून राहिले. बाबांचा तिसरा आदेशही बंद केला, खोडला मात्र नाही. अक्षरांचं माप दीडपट केलं. पानं लावायचा प्रोग्राम जुना होता, तो ऐकेना. त्याच्या सेटिंगची खिडकी एवढी वाढली की 'ठीक आहे'चं बटण स्क्रीनच्या खाली गेलं. ऑल्ट दाबून खिडकी माऊसने वर ओढली, बटण दाबलं, पान दुप्पट मोठं उघडेल असं केलं. तीनदा मशीन बंद करून चालू केलं. तिन्ही वेळा अक्षरं मोठी आणि कोरीव राहिली.

आई आली, बसली. चष्मा पुसून पुन्हा लावला. या वेळी तिची पाठ खुर्चीला टेकलेली राहिली. मी मुद्दाम तेच पान पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

"वजन दहा किलो, कंसात, मात्रा शून्य पॉइंट..."

"थांब. इथे शून्यही नाही आणि पॉइंटही नाही. दहापट होईल की गं, पोर मरेल!" तिने खूण केली. मग माझ्याकडे वळली. "सकाळी हे पान आपण केलं होतं ना?"

"केलं होतं. माझंही लक्ष नव्हतं."

"स्क्रीन वाईट होती," ती म्हणाली.

"हो."

"मी म्हणतच होते. चार वर्षं ओरडत होते. त्यांना नाही जमलं."

फाइल दोन क्लिकवर होती. तीन ओळी. उघडून दाखवली असती तर बाबांवरचा आळ गेला असता, आणि आईला कळलं असतं की चार वर्षं ते कडेला बसून तिचं डोकं धरणं मोजत होते.

"नाही जमलं त्यांना," मी म्हणाले. ते अगदी खोटंही नव्हतं.

"माणूस चांगला होता हो," आई समजूत घातल्यासारखी म्हणाली. "फक्त मशीन त्यांच्या हातातलं नव्हतं."

"पुढच्या आठवड्यात माझे डोळे दाखवायला जायचंय," मी म्हणाले. "तूही चल. एकटीला कंटाळा येतो."

"येईन. मला काही झालेलं नाही म्हणा." ती पुन्हा स्क्रीनकडे वळली. "पण उद्या तू गेलीस की वाचणार कोण? दहा पानं राहतील."

"मूळ कागदांचे फोटो काढून नेते. रोज सातला फोन करीन."

"रोज? तुला ऑफिसातून यायलाच सात वाजतात."

"मग साडेसातला."

"जेवून घेत जा आधी. रिकाम्या पोटी आवाज चढत नाही तुझा." तिने चष्मा नाकावर नीट बसवला. "चल, वाच. पंधरा किलो."

मी पंधरा किलोपासून वाचायला लागले.