टिकतं की फुटतं

पुष्करने उपमा छान झाल्याचं सांगितलं आणि हेमा चांगलीच घाबरली.

आता तुम्ही म्हणाल, नवऱ्याने कौतुक केलं तर बाईने घाबरावं कशाला? अहो, पण पुष्कर जन्मापासून पुण्यातल्या कर्वेनगरातला. लग्न झाल्यापासून त्याची मजल 'खाण्यासारखा आहे' याच्या पुढे कधी गेली नव्हती.

आणि वेळही नेमकी तशी होती. दोघेही अणुकेंद्रकांच्या अभ्यासातले. ती गणितं मांडणारी, तो प्रयोग करणारा. न्यूट्रॉन वाजवीपेक्षा जास्त कोंबलेलं एक केंद्रक टिकतं, असं हेमाचं गणित सांगत होतं. टिकतं म्हणजे पापणी लवायच्या आत संपतंच म्हणा, पण असल्या केंद्रकांत तेवढं म्हणजे दीर्घायुष्य. पुष्कर मात्र घरी, पाहुण्यांत, भर परिषदेतसुद्धा सांगत आला होता, की छे, ते जन्मतःच फुटणार. हेमाने अर्धं आयुष्य त्या गणितात घातलं होतं. आता हाच बाबा परदेशात जाऊन ते केंद्रक तयार करून बघून आला होता, आणि निकाल जाहीर होईपर्यंत बायकोलाही सांगायचा नाही, असा त्यांच्या गटाचा नियम होता.

थेट दिसत नाही ते आडून ओळखायचं, ही तर हेमाची विद्याच. तिने संध्याकाळच्या आमटीत मीठ दुप्पट घातलं. पुष्करने भुरका मारला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने मुकाट्याने आणखी एक वाटी मागून घेतली.

संपलं सगळं, केंद्रक फुटलं. इतकं गोड माणूस फक्त सुतकाच्या घरी वागतो. हेमा बाथरूममध्ये नळ सोडून मनसोक्त रडली, आणि मग उगाचच कढई घासत बसली.

शनिवारी निकाल जाहीर झाला. दोघं लॅपटॉपसमोर शेजारी बसून ऐकत होती. केंद्रक टिकलं होतं. हेमाने सांगितलं होतं तितकंच.

आनंदाने तिने टाळ्याच पिटल्या. मग एकदम तिचं डोकं फिरलं. मग ती खारट आमटी का गिळलीस, असं तिने त्याला दरडावून विचारलं.

पुष्करने चष्मा काढून उगाच पुसला.

"इतकी वर्षं तुला चूक म्हणत आलो," तो म्हणाला. "आता कुठल्या तोंडाने मीठ जास्त झालंय म्हणू?"