दाजीचा नवा चाकू

वेंगुर्ल्याच्या बाजारात गणपतचं हत्यारांचं दुकान आहे. कोयते, विळ्या, खुरपी सगळं तिथं मिळतं, आणि वर गणपतची बडबड फुकट. त्या दुकानाच्या पायरीवर शेवंती सकाळी दहाला येऊन बसली होती आणि अकरा वाजले तरी तिला चाकू पसंत पडत नव्हता. मिटवायचा चाकू, खिशात मावणारा, फार महाग नको. वस्तू ती केवढीशी! लोक म्हैस घेतानासुद्धा इतकी पारख करत नाहीत.

"वयनी, ह्यो बघा. बटण दाबला काय पाता भायर." गणपतने एक चकचकीत चाकू तिच्यासमोर धरला. पातं फाटकन बाहेर आलं तशी शेवंती मागं सरली.

"नको रे बाबा. तेंचे हात आता थरथरतत. बोट जायत."

"मगे ह्यो घेवा. ह्येच्यात कातर आसा, करवत आसा, बाटलेचा झाकाण पण उघडता."

"आमच्या घरात बाटली कोण उघडता? तुजो तुका ठेव."

गणपत हसला. तिसरा चाकू सगळ्यात स्वस्त होता, प्लास्टिकच्या मुठीचा. शेवंतीने तो हातात तोलला आणि मग पिशवीतून एक शर्ट काढला. नवऱ्याचा, दाजीचा, अर्ध्या बाह्यांचा, धुऊन धुऊन पांढरा पडलेला. तिने चाकू त्याच्या खिशात टाकला, शर्ट दोन्ही खांद्यांना धरून उभा केला आणि खिसा कसा दिसतो ते डोळे बारीक करून बघत राहिली. खिसा हलला पण नाही.

"हलको," ती म्हणाली. "तेंका कळाक होया, खिशात काय तरी आसा म्हणान."

चौथा चाकू गणपतने आतल्या खणातून काढला. लाकडी मूठ, दोन्ही टोकांना पितळ, पातं चार बोटं लांब, उघडायला नखाची खाच. मिटताना तो चावत नव्हता, सावकाश बसत होता. खिशात टाकला तसा शर्टाचा डावा खिसा खाली ओढला गेला. चाळीस वर्षं दाजीचा प्रत्येक शर्ट डावीकडे असाच ओघळलेला असायचा. 

"ह्योच दी."

"दाजीची नजर आसा तुमका! धार बघा, केस उडयता."

"धार मोडून दी," शेवंती म्हणाली.

गणपत गप्प झाला. हा माणूस गप्प झालेला बाजारात कुणी पाहिला नसेल.

आता हे का, ते सांगायला हवं.

दाजी म्हणजे कलमं बांधणारा दाजी. तुळस गावापासून पार इन्सुलीपर्यंत काजूच्या ज्या बागा उभ्या आहेत, त्यातल्या निम्म्या त्याच्या हातच्या. काम बघायला सोपं. रानटी रोपाचं डोकं छाटायचं, उरलेल्या खुंटाला मधोमध चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून पट्टी बांधायची. सोपं म्हणणाऱ्याने एकदा बांधून बघावं, म्हणजे शंभरातली किती जगतात ते कळेल. दाजीची पंच्याण्णव जगायची. तो कापायचा आणि शेवंती बांधायची. समोरासमोर बसून, मधे गोणपाट घालून, "काडी दी गो," "पट्टी दी गो," एवढंच बोलत त्यांचा संसार झाला.

आणि मधे तो चाकू. धारेची वस्तू हातातून हातात द्यायची नाही, भांडण होतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दाजी तर त्या बाबतीत देवापेक्षा कडक. लग्न होऊन आठ दिवस झाले होते तेव्हा शेवंतीने त्याला चाकू सरळ हातात दिला, तर केवढ्याने ओरडला! "खाली ठेव! संसार मोडूचो आसा काय?" ती दिवसभर रुसून बसली होती. पण तेव्हापासून आजपर्यंत चाकू आधी जमिनीवर ठेवायचा आणि मग दुसऱ्याने उचलायचा. 

धार बघायची त्याची रीत एकच. पातं डाव्या हातावरून फिरवायचं. केस साफ उडाले तर ठीक, नाहीतर परत पाणी घालून दगडावर. त्यामुळे त्याच्या डाव्या हातावर तळव्याएवढी जागा कायम गुळगुळीत असायची. बायका शेवंतीला नवऱ्यावरून चिडवायच्या, "तुज्या घोवाची अर्दी हजामत कोण करता गो?"

दोन वर्षांपूर्वी तो माणसांची नावं विसरायला लागला, मग घरची वाट. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला आणि मान हलवली. शिरा पडो मेल्या रोगावर, माणसाला जिवंत ठेवून माणूस नेतो. पण दाजी सगळं विसरला तरी शेवंतीला विसरला नव्हता. सकाळी उठल्या उठल्या "शेवंते, च्या" ही हाक ठरलेली. तेवढ्यावर ती तगून होती. 

फाल्गुनात ती भाचीच्या लग्नाला दोन दिवस पिंगुळीला गेली. घरामागे मुलाची, निलेशची रोपवाटिका आहे. तिथे दोनशे चाळीस कलमं तयार होती, जगलेली, पालवी फुटलेली. दाजी सकाळी तिथे जाऊन बसला. त्याला वाटलं, ही रानटी रोपं आहेत, अजून बांधायची आहेत. एकेक पिशवी पुढ्यात ओढून त्याने एकेकीचं डोकं छाटलं. दोनशे चाळीसची दोनशे चाळीस. सगळी एका उंचीवर, सगळ्यांना मधोमध चीर, एक घाव वाकडा नाही. निलेश दुपारी आला तेव्हा बाप छाटलेल्या पालवीच्या ढिगात बसून रिकामा हात पुढे करत होता. "काडी दी गो. शेवंते, काडी दी. खंय ऱ्हवलंस?"

निलेश वाईट मुलगा नाही. तो ओरडला नाही, वाटिकेच्या कुंपणाला धरून रडला. मग त्याने बापाच्या हातातून चाकू काढून घेतला आणि आई परतल्यावर तिला बजावलं, "ह्या घरात परत धारेची वस्तू बाबांच्या हातात दिसूक नको. आज रोपा कापल्यान, उद्या सोताक कापून घेयत." खोटं काय होतं त्यात? शेवंतीने तो चाकू फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात तळाला घातला.

त्या दिवसापासून दाजीचं जेवण गेलं. हात सारखा खिशाकडे जायचा, चाचपायचा आणि रिकामा परत यायचा. आधी त्याने चटया उचकटल्या, माचा हलवला, कुत्र्याला विचारलं. मग शोधणंही थांबलं. नुसता बसायचा, खिसा थोपटायचा आणि ताटाकडे बघायचाही नाही. बारा दिवस दोन घोट पेजेवर.

"ऑनलाईन प्लास्टिकचो मागवूया," निलेश म्हणाला. मोबाईलवर त्याने खेळण्यातले चाकू दाखवले, लाल, पिवळे.

"खेळणा?" शेवंती भडकली. "निलेश, ज्या हातान तुका वाढयल्यान, त्या हातात तू खेळणा देतलंस?" चाकू खरा आणणार, फक्त धार नसलेला, हे तिने तेव्हाच ठरवलं. डब्यातल्या जुन्याची धार मोडता आली असती. तिने तो बाहेर काढलाही होता. दगडावर घासून घासून निम्मं झालेलं ते पातं बघितलं आणि तिचा धीरच झाला नाही. 

शेवंतीकडून गणपतने हे सगळं ऐकलं, चाकू हातात घेतला आणि परत पायरीवर ठेवला. "वयनी, बरा पोलाद कसा वळखूचा ता माका दाजीन शिकयल्यान. दुसरा कायव सांगा. ह्या माज्या हातान जमाचा नाय."

"बरा," म्हणून तिने पैसे मोजले, चाकू पिशवीत टाकला आणि उठली. जे काम कुणाच्याच हाताने होत नाही ते शेवटी बाईच्याच पदरात पडतं. 

तुळस गावच्या तिठ्यावर ती एसटीतून उतरली. ऊन टळटळत होतं. ओढ्यावरच्या साकवाच्या कडेला चिऱ्याचा बांध आहे. तिथं ती बसली, चाकू उघडला आणि धारेची बाजू चिऱ्यावर घासायला लागली. चिरा खरखरीत, लालभडक पूड पडत होती. चाळीस वर्षं रोज सकाळी तिने दाजीला दगडावर पाणी घालून धार लावताना बघितलं होतं. तोच हात, तीच ओढ, फक्त उलटं काम. मधेच थांबून तिने पातं अंगठ्यावर टेकवलं, अजून लागत होतं, परत घासलं. रडू येत होतं, पण रडली तर हात चुकेल म्हणून तिने ते गिळलं. 

आणि घासता घासता तिला कळलं की आपण कसल्या कात्रीत सापडलोय. दाजीने हातावर पातं फिरवलं आणि धार नाही हे ओळखलं, तर त्याचा केवढा अपमान! चाळीस वर्षांच्या कारागिराला बायकोने मुका चाकू दिला. पण त्याने नाही ओळखलं तर? दाजीला धार कळली नाही तर मग उरलं काय? ती बांधावर बसून देवाला सांगायला लागली, आणि काय मागावं तेच तिला समजेना. शेवटी म्हणाली, "म्हाराजा, ओळखू दे तेंका. माज्यार चिडू दे. काय शिव्ये देवचे ते देवंदे. पण ओळखू दे." 

घरी आली तेव्हा दाजी घरापुढच्या खळ्यात मांडवाच्या सावलीत बसला होता. हात खिशावर. पुढ्यातली पेज तशीच, वर माशा.

शेवंती त्याच्यासमोर बसली. चाकू पदराने पुसला. खाली ठेवायला वाकली आणि थांबली. तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, पण मला वाटतं तिला ते ओरडणं हवं होतं. तिने चाकू जमिनीवर ठेवला नाही. सरळ हात लांब केला आणि त्याच्या हातात धरला.

"घेवा ओ," ती म्हणाली आणि वाट बघत राहिली.

दाजीने चाकू घेतला. हातातून हातात. ओरडला नाही.

अजून धार बघायची राहिलीय, शेवंती मनाला म्हणाली, हाताला तरी कळेल.

त्याने खाचेत नख घातलं आणि पातं उघडलं, किती अलगद! बोटांची थरथर तेवढ्यापुरती कुठे गेली कुणास ठाऊक. पातं उन्हात धरलं, एक डोळा मिटून सरळ आहे का पाहिलं. मग डावा हात पुढे केला. ती गुळगुळीत जागा आता राहिली नव्हती. चाकू गेल्यापासून तिथे पांढरे केस उगवले होते. त्या केसांवरून त्याने पातं सावकाश फिरवलं. केस आडवे झाले आणि पातं पुढे गेलं तसे परत उभे राहिले. एकही उडाला नाही. 

दाजी हाताकडे बघत राहिला. शेवंती मनात म्हणत होती, बोला ओ, चिडा, फेका तो चाकू माझ्या अंगावर.

"काय धार आसा!" दाजी म्हणाला. तोंडभर हसला. बारा दिवसांत पहिल्यांदा.

मांडवाखाली काजूच्या बोंडांची पाटी होती. दाजीने त्यातलं एक पिवळं बोंड उचललं आणि कापायला घेतलं. बोंड कापलं कसलं, चेचलं. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. तरी मन लावून त्याने त्याचे दोन लगदे केले आणि एक पात्यावर ठेवून तिच्यापुढे धरला, पूर्वी धरायचा अगदी तसा.

"खा गो बाय," तो म्हणाला.

बाय. शेवंते नाही. तिने वर पाहिलं. दाजी हसतच होता, पाहुणी आली की हसतो तसा. सकाळी चहाला हाक मारली होती त्याने, तिने आठवून पाहिलं. मारली होती ना? बाजाराच्या गडबडीत तिचं लक्षच नव्हतं. 

तिने बोंड तोंडात घातलं. घसा खवखवला.

"धार कोणी लावल्यान गो? तुज्या घोवान?"

"व्हय," शेवंती म्हणाली.

"मोठो कारागीर आसा." दाजीने चाकू मिटला, डाव्या खिशात टाकला आणि वरून थोपटला. खिसा ओघळला. मग त्याने पेजेची वाटी पुढे ओढली, माशा हाकलल्या आणि भुरके मारायला लागला. "तेका एकदा घेवन ये हंय. माका भेटूचा आसा तेका."

"सांगतंय तेका," शेवंती म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिने आता अडवलं नाही, कारण बघणारं कुणी नव्हतं. "माका पण भेटूचा आसा ओ. लय दिस झाले."