बाहीचा रंग

मावशींनी कोटाची बाही दुमडून कोटाच्याच पाठीवर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

"वेगळी आहे," त्या म्हणाल्या. "बाहीला हिरवट झाक आहे. सकाळी दारात मी नीट बघितलंय."

शिवणकारखान्याच्या मास्तरांनी कपाळाला हात लावला. तीनशे राखाडी कोट शिवून तयार होते, चार वाजता गाडी यायची होती, आणि बावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसलेल्या बाईला नेमकी आजच झाक दिसावी, म्हणजे कमालच झाली! त्यांनी पाच जणांना ट्यूबलाइटखाली बोलावलं.

"एकच रंग आहे," बटणं लावणारी म्हणाली. दुसरीने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग कोटाकडे. पाचव्याने तर कोटाकडे बघायचेही कष्ट घेतले नाहीत.

"दहा डोळे खोटं बोलतात का, मावशी?" मास्तर म्हणाले. "तुमचे थकले असतील. सोमवारपासून धागे कापायला बसा हवं तर. तिथे रंग बघावा लागत नाही."

मावशींच्या थोरल्या बहिणीची नजर याच वयात गेली होती. त्या पुन्हा ट्यूबखाली वाकल्या, आणि खरंच, आता बाही पाठीसारखीच दिसत होती. मग सकाळी दिसलं ते काय होतं? कोट दारात नेऊन बघता आला असता. पण एवढे सगळे बघत असताना म्हातारीने कोट घेऊन उन्हात धावायचं, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी तपासणीचा शिक्का उचलला. कोटांना लावलेल्या तीनशे चिठ्ठ्यांवर मारला. कोट शेवटच्या इस्त्रीला गेले.

चारला गाडी दारात लागली. पहिले दहा कोट दांडीवरून उन्हात आले आणि भरणारे हात थांबले. बाह्या शेवाळलेल्या दिसत होत्या.

"हे दोन रंगांचेच मागवलेत का?" ड्रायव्हरने सहज विचारलं.

बटणं लावणारी पायाकडे बघत राहिली. मास्तरांनी एक चिठ्ठी उलटली. शिक्का एकट्या मावशींचा होता.

इस्त्रीवाला हळूच मावशींच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"मावशी, मला दिसलं होतं हो. माझं टेबल खिडकीपाशीच आहे ना. म्हटलं, बोलावं. पण प्रत्येक कोटावर तुमचा शिक्का. मावशींना कळत नाही का, मीच चुकत असेन, म्हणून गप्प बसलो."

मावशींना त्याच्यावर खेकसायचं होतं. राग तर आला होताच. पण तो राग त्याच्यावर नव्हता.

"तुला खिडकी तरी हाताशी होती," त्या म्हणाल्या. "तू बघितलंस. माझ्या टेबलापासून दार वीस पावलं आहे रे. तेवढीही मी चालले नाही."

मग ती वीस पावलं चालून त्या आत गेल्या आणि शिक्का मास्तरांच्या टेबलावर ठेवून आल्या.