खंडेनवमीचे तेल

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. मडिवाळप्पांनी मला सोलापूरच्या बाजारातून अक्कलकोट रोडवरच्या आपल्या चादरींच्या गोदामासाठी आणले. तू कुठला, इकडे कसा आलास, असे मला कुणीही विचारले नाही.

मी वर्षानुवर्षे चादरींचे गठ्ठे राखले. मडिवाळप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "कुलूप न्हाय, राखणदार हाय माजा!" मी फुगून जाई. पुढे माझ्या आतल्या लोखंडी खिळींना गंज चढला. किल्लीला चार हिसके दिल्याशिवाय मी उघडेनासा झालो.

यंदा गोदाम रिकामे पडले. विनापरवाना देशात आलेल्यांना परत धाडेपर्यंत ठेवायला जागा हवी होती, ती मडिवाळप्पांनी भाड्याने दिली. गठ्ठ्यांच्या जागी माणसे आली. त्यांत शेफाली होती. लहानपणी सीमेपलीकडून आलेली, इथे टॉवेलांच्या कडा शिवणारी, आणि मागावर काम करणाऱ्या शहाजीची बायको.

पाळी सुटली की शहाजी रोज जाळीपाशी येई. भाकरी आणि शेंगाचटणी आत सरकवी. "रेश्मा जेवली का?" एवढे ती लेकीबद्दल विचारी. तेवढ्यावर दोघांचा दिवस निघे.

खंडेनवमीला आमच्याकडे मागांची, अवजारांची पूजा होते. मडिवाळप्पांकडे शेफालीच्या शेजारी बसून शिवणारी सिद्धम्मा ताट घेऊन आली. दरवर्षीच्या सवयीने तिने मला पुसले, यंदा गंज पाहून आत तेलही सोडले, कुंकू लावले, हात जोडले.

आतून शेफालीचा आवाज आला, "मावशी, घट्ट बसून ऱ्हा म्हणावं त्याला."

सिद्धम्मा दचकली. "अगं बया! इसरलेच की गं मी!"

"हे उघडलं की मला तिकडं नेणार. तिकडं माजं कोण हाय?"

पहाऱ्यावरचे हवालदार म्हणाले, "कोंडून तरी किती दिवस ठिवायचं, मावशी? परत धाडलं म्हंजी सुटंल की बिचारी."

"सुटंल? कशातनं, लेकरातनं?" सिद्धम्मा उसळली.

तिने पदराने माझे कुंकू पुसून टाकले. पण तेल आत मुरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी आली. मित्रांनो, मला अडून बसायचे होते. पण किल्ली लागली आणि मी अलगद उघडलो.

"वा, काय झ्याक चालतंय!" हवालदार म्हणाले.

गंजलो होतो तेव्हा मला लोक शिव्या देत. त्या वेळी कधी अशी लाज वाटली नव्हती. शेफालीने जाताना माझ्याकडे पाहिलेही नाही.

संध्याकाळी शहाजी भाकरी घेऊन आला. आज रेश्माही बरोबर होती. दार सताड उघडे, मी कडीला लोंबत होतो.

"बाबा, कुलूप उघडलं! आई घरी गेली व्हय?" रेश्माने टाळ्या पिटल्या.

शहाजीने हातातली भाकरी परत फडक्यात बांधली.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असे मी पूर्वी सांगितले असते. आता एवढेच मागतो. पुढच्या खंडेनवमीला मला हात लावण्याआधी दार वाजवा, आणि आत कोण आहे ते विचारा.