पहिलं ऐकणं

मेणात रोवलेला तो सुळा, वरचा, डावा, किंचित आत वळलेला होता. इतका किंचित, की दातांच्या डॉक्टरला कळला नसता आणि ज्या आजीबाईंच्या तोंडात ही कवळी बसायची होती त्यांना तर मुळीच नाही. पण त्याला कळत होता, आणि सकाळपासून तिसऱ्यांदा त्यानं सुरी दिव्यावर तापवली, सुळा सुटा केला, सरळ बसवला, कवळी उजेडात धरली, आणि... नाही. आता बाहेर आला. चोवीस वर्षं दुसऱ्यांचे दात बनवणाऱ्या माणसाला एक सुळा बसवता येऊ नये, म्हणजे कमालच झाली. हात जरा जास्तच घट्ट झाला होता. रागानं होतो तसा.

काका. ‘काका, तबकडी पंचेचाळीसवर लावा.’ एवढंच लिहिलं होतं त्या कुणा पोरीनं, आणि खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. काल संध्याकाळी, चारशे बारा माणसांसमोर. माझ्याच मंडळात, जे मी आणि लंबूनं काढलं तेव्हा ही पोरगी जन्मली तरी होती का, देव जाणे! काका म्हणाली त्याचं काही नाही, केस पांढरे झालेत, आरशात दिसतात. पण ती बरोबर होती, हे फार झालं.

मंडळ म्हणजे एका बँडच्या चाहत्यांचं, इंटरनेटवरचं मंडळ. बँड मेटल वाजवणारा, सव्वीस वर्षं जुना. गिटारींचा गडगडाट, ढोल अंगावर आल्यासारखे, आणि त्या सगळ्याच्या वर घसा. गायकाला सगळे घसाच म्हणत, कारण तो गात नसे, पोटातून ओरडत असे, आणि त्या ओरडण्यात कुठंतरी एक असं दुखणं असायचं की विशीतल्या त्याला वाटलं होतं, अरे, हे तर आपलंच आहे, याला कुणी सांगितलं? सहा वर्षांपूर्वी घशावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, बोलेल, पण ओरडणं विसरा. सहा वर्षं अल्बम नाही, काही नाही. आणि यंदा एकदम जाहीर झालं, की नवा अल्बम येतोय, एका म्हाताऱ्या गायिकेबरोबर. जिची हळुवार गाणी एके काळी दुपारच्या वेळी रेडिओवर लागायची आणि लोक ऐकता ऐकता डुलक्या काढायचे, त्या बाईबरोबर! मंडळात उभी फूट पडली. निम्मे म्हणाले, हा केसानं गळा कापण्याचा प्रकार आहे. निम्मे म्हणाले, प्रयोग आहे बाबांनो, आधी ऐका तरी. पहिल्या निम्म्यांचा पुढारी तो स्वतः. आणि लंबू... लंबू गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण लंबूनं लिहिलं, ‘ऐकूया की. बाई वाईट गात नाहीत.’

लंबू लिफ्ट दुरुस्त करतो. सहा फूट दोन इंच उंची, आणि दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात वाकून काम. बावीस वर्षांची दोस्ती, आणि तिच्यात एकच कर्मकांड. नवा अल्बम आला की दोघांनी आपापली प्रत घ्यायची, रविवारी सकाळी लंबूच्या खोलीत जमायचं, दोन्ही पाकिटं एकाच पात्यानं फोडायची आणि तबकडी लावायची. आधी कान, मग डोळे, हा नियम. म्हणजे कव्हरवर काय छापलंय, तबकडीच्या मधल्या गोल कागदावर काय लिहिलंय, काही काही वाचायचं नाही, आणि शेवटचं गाणं संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. आठ अल्बम असे ऐकले. एक तर लंबूच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. नवी नवरी दाराबाहेर चहाचे कप घेऊन उभी, आणि आत हे दोन ठोंबे डोळे मिटून बसलेले. वहिनी अजून टोमणे मारतात. पहिलं ऐकणं एकदाच असतं, असं लंबू म्हणायचा, नंतरचं सगळं आठवणं असतं.

आणि लंबूला न सांगता त्यानं शनिवारी आपलं पाकीट फोडलं. स्वयंपाकघरातल्या सुरीनं, बायको बाजारात गेली असताना, चोरासारखं. का? सकाळपासून तो स्वतःला सांगत होता की पार्सल समोर आलं, हात आवरला नाही, माणूस आहे. खोटं. साफ खोटं. भीती वाटली होती. अल्बम वाईट निघण्याची नव्हे, तर लंबूला तो आवडण्याची. रविवारी डोळे उघडून शेजारी बघावं आणि लंबूचा चेहरा असा उजळलेला असावा... हे बघायचं नव्हतं. त्यापेक्षा आधी ऐकून ठेवावं, मत घट्ट करून जावं, म्हणून.

पण निम्मा नियम मोडणाऱ्यानं उरलेला निम्मा पाळला, तिथंच घोटाळा झाला. कागद वाचला नाही त्यानं. बँडच्या आठही तबकड्या मिनिटाला तेहतीस फेरे घेणाऱ्या, यंत्राचं बटण वर्षानुवर्षं तेहतीसवरच. ही नववी पंचेचाळीसची होती, तसं ठळक छापलंही होतं. त्यानं लावली तेहतीसवर. आणि काय ऐकू आलं! संथ, जड, एकेक सूर ओढत आणलेला, आणि मग तो आवाज. खोल, खरखरीत, ओळीआधी श्वास घेणारा. घसा! सहा वर्षांनंतर घसा! तो जमिनीवर बसला होता आणि रडत होता, पन्नाशीला आलेला बाप्या, नाक पुसायला रुमालही हाताशी नाही. मग चार तास बसून लिहिलं. ‘घसा परत आलाय.’ लिहिलं, की ज्याच्या गळ्यावरून सुरी फिरली आहे तोच माणूस असा श्वास घेऊ शकतो. लिहिलं, की मी चुकलो, मंडळाची माफी मागतो. शिवाय लिहिलं, आणि हे आठवलं की कानशिलं तापतात, की बाई कुठं ऐकूच येत नाहीत, आणि तेच बरं झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काल संध्याकाळी त्या पोरीचं वाक्य वाचून त्यानं बटण पंचेचाळीसवर सरकवलं, तेव्हा घसा त्याच्यादेखत बाई झाला. त्याच ओळी, तेच श्वास. म्हातारी बाई होती ती, दम पुरत नव्हता म्हणून थांबत होती, बस. मग त्यानं कव्हर वाचलं, चष्मा लावून, सगळं. घशाचं नाव शेवटून दुसरं. नावापुढे लिहिलं होतं: टाळ्या, तिसरं गाणं.

टाळ्या! ज्याच्यासाठी मी रडलो तो माणूस कोपऱ्यात बसून टाळ्या वाजवत होता.

सुळा पुन्हा वाकडा. त्यानं कवळी साच्यावर ठेवली आणि दिवा विझवला. घशाला काय दोष द्यायचा, त्याला माझं नावही ठाऊक नाही. पण लंबू? मंडळातलं अक्षर न् अक्षर वाचणारा लंबू. शनिवारी संध्याकाळी लेख टाकला. लंबूनं वाचला नसेल? वाचला. त्याला कळलं नसेल? कळलंच असणार, तो प्रयोगवाल्यांचा, त्यानं आधीच ऐकून ठेवलं असणार, आणि मग पूर्ण एक दिवस चुलीवरचं दूध बघावं तसा बघत बसला असणार, कधी उतू जातंय म्हणून. एक फोन करता आला नसता? ‘बटण बघ रे’ — तीन शब्द. बावीस वर्षांच्या दोस्तीत तीन शब्द महाग झाले. काल रविवार होता. ना तो गेला, ना लंबूनं ‘का आला नाहीस’ म्हणून विचारलं.

दुपारी दारात सावली पडली, आणि एवढी लांब सावली एकाच माणसाची.

“जेवलास?” लंबू म्हणाला. कामाचे कपडे, कोपरापर्यंत ग्रीस.

“तुला काय करायचंय?”

“विचारलं आपलं.” लंबूनं स्टूल ओढलं, बसला, गुडघे कुठं ठेवावेत ते न कळून पुन्हा उभा राहिला. “पोरांचं मनावर घेऊ नकोस रे. दोन दिवस हसतील.”

“आणि तू? तू किती दिवस हसलास?”

“मी कुठं हसलो?”

“माहीत होतं तुला. शनिवारीच. बोल ना!”

“शनिवारी नाही. रविवारी.” लंबू साच्यांच्या फळीकडे बघत होता, तिथं ओळीनं प्लास्टरचे जबडे मांडलेले. “शनिवारी लेख वाचला, तेव्हा एवढंच कळलं, की तू ऐकलंस.”

त्यानं उगाच सुरीवरचं मेण खरवडलं.

“रविवारी तुझी वाट बघितली. पातं काढून ठेवलं होतं. अकरापर्यंत बसलो. मग म्हटलं, आपला दातऱ्या एवढं लिहितोय तर ऐकावं. फोनवरच ऐकलं, आईच्या खोलीत. आईला भरवत होतो. ती म्हणाली, अगोबाई, ही अजून गाते? आणि पहिल्यांदा, बावीस वर्षांत पहिल्यांदा, बंद कर म्हणाली नाही.” लंबू थोडा हसला. “मग लक्षात आलं, तू कसं ऐकलं असशील ते.”

“मग सांगायचंस.”

“कसं सांगू? तीनदा फोन उचलला. तू लिहिलं होतंस, रडलो म्हणून. तू कधी लिहितोस का असलं?”

“म्हणून हसू दिलंस लोकांना.”

“चुकलं,” लंबू म्हणाला. सरळ, वाद न घालता, आणि त्याचाच जास्त राग आला. मग दाराशी जाऊन थांबला. “माझं पाकीट अजून फोडलेलं नाही. घरी तसंच आहे.”

हे तो टोमण्यासारखं म्हणाला असता तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. पण लंबूनं ते ‘पाऊण वाजला’ म्हणावं तसं म्हटलं आणि गेला. स्टुलाच्या कडेला ग्रीसचा डाग राहिला. विश्वासघात, विश्वासघात करत तो सकाळपासून फिरत होता, बँडचा, घशाचा, लंबूचा, जणू यादीच केली होती. त्यात एक नाव राहून गेलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ... छे. त्यानं दिवा पेटवला. सुळा चौथ्या खेपेला बसला, कसा कोण जाणे, आणि बसल्याचं काही सुखही वाटलं नाही.

पाच वाजता हात धुऊन त्यानं मंडळ उघडलं. लेख काढून टाकायचा, मंडळही सोडायचं, असं ठरवलं होतं. निरोपाची दोन वाक्यंही जुळवली होती, जरा लागट. पण लेखाखाली, हसणाऱ्या तोंडांच्या खाली, लंबूनं लिहिलं होतं. तो कधी एका ओळीवर लिहीत नाही. आज चार ओळी होत्या.

‘तबकडी आम्ही दोघांनी मिळून ऐकली. माझ्या खोलीत, नेहमीसारखी. बटण मी लावलं होतं, चूक माझी. हसायचं तर मला हसा.’

आणि लोक हसत होते. लंबूला हसत होते. लंबूकाका, चष्मा बदला. लंबूकाका, लिफ्टही अशीच लावता का? ती पहिली पोरगी तर चक्क सॉरी म्हणाली होती, लंबूला नव्हे, त्याला, नाव घेऊन.

आधी वाटलं ते हे, की सुटलो. हे वाटलं त्याची नंतर कितीही लाज वाटली तरी आधी तेच वाटलं. मग त्यानं लिहायला घेतलं, ‘हे खरं नाही’. तीन शब्दांवर थांबला. पाठवलं की लंबू खोटारडा, चारशे बारा माणसांसमोर. नाही पाठवलं की... बाहेर कुणीतरी शटर ओढत होतं. त्यानं अक्षरं एकेक करून पुसली, पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली. रागावायला कुणीतरी हवं होतं आणि कुणी सापडत नव्हतं. त्या शनिवारी मी एकटा नव्हतो, असं आता सगळ्या मंडळाला ठाऊक झालं होतं. एकटा होतो, हे ठाऊक असलेली माणसं जगात दोनच. आणि त्यातला दुसरा हे जन्मभर विसरणार नाही, आणि एकदाही बोलून दाखवणार नाही.