जयरामची अटक रिजेक्ट

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत जयराम पगारे राहतो. चौतीस वर्षं त्यानं इथल्या सरकारी प्रेसमध्ये छापील कागद तपासले. त्याच्या नजरेतून एखादी वाकडी रेघ सुटली, तर त्या दिवशी सूर्य पश्चिमेला उगवला असं खुशाल समजायचं.

मंगळवारी सकाळी त्याला व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर खाकी वर्दी, मागे झेंडा.

"तुमच्या नावाच्या पार्सलात गांजा सापडलाय. तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलीय. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. बारापर्यंत अकरा लाख भरा, नाहीतर हातकड्या!"

अकरा लाख म्हणजे निवृत्तीची सगळी पुंजी. जयरामला इतका घाम सुटला, की त्याच्या बायकोनं, लताबाईंनी, लादीचं फडकं आणलं.

"पासबुक काढ गं," तो पुटपुटला.

"आधी अटकेचा कागद तरी मागा!" असं बजावून लताबाई शेजारच्या सायलीकडे गेल्या, तिच्या फोनवरून सायबर पोलिसांच्या १९३० ला कळवायला.

कागद फोनवरच आला. जयरामनं चष्म्यापुढे भिंग धरलं, आणि त्याचा घामच आटला.

"साहेब, शिक्का दीड मिलिमीटर कललाय. शाई फुटलीय. हा माल रिजेक्ट."

"क्काय?"

"असल्या कागदावर अटक होत नसते. दुसरा काढा."

दुसरा आला. समास कमीजास्त. तिसऱ्यात सही शिक्क्याखाली दबलेली. चौथ्यात तर शिक्क्यातल्या सिंहाला मिशाच नाहीत! तोवर सगळी बिल्डिंग चहाचे कप घेऊन जमली होती. तळमजल्यावरचा देवराम वर्दीवाल्याला ओरडून सांगत होता, "जोर लाव रे पोरा, पुढचा पास होतोय बघ!" सातव्या कागदाला मीसुद्धा टाळी वाजवली; खोटं कशाला सांगू, शिक्का जवळजवळ सरळ आला होता.

अडीच वाजले. वर्दीवाल्यानं टोपी काढून कपाळ पुसलं.

"अंकल, हात जोडतो. तुमची अटक रद्द. जा, सोडलं तुम्हाला."

"असं तोंडी कसं? सुटकेचा कागद पाठव. समास सारखे ठेव!"

फोन कट. वर्दीवाल्यानं जयरामचाच नंबर ब्लॉक केला.

"पोलिसांनी तक्रार घेतलीय," लताबाई म्हणाल्या. "बँकेतला पैसाही जागच्या जागी आहे. चला आता जेवायला."

जयराम खुर्चीतून हलेना. "कागद आलेला नाही. म्हणजे मी अजून अटकेत. ताट इथंच आण."

"आणते की," लताबाईंनी पदर खोचला. "पण कैद्यांना आपली भांडी आपण घासावी लागतात हो!"

जयराम तडक उठला आणि पाटावर जाऊन बसला.